राजचुक्याचे गड्डे

सुपाएवढं पान शुभांगीताईंनी बुडाशी धरलं, जरा पिळलं आणि ओढून काढलं. राजचुक्याला विळी लावायची नसते, कापलेला बुडखा सडतो. ही माहिती ज्या पत्रकात होती ते त्यांच्या लेकीनंच लिहिलं होतं, आणि सिन्नरच्या त्या शिक्षक कॉलनीत ही गोष्ट ऐकून ऐकून कंटाळला नाही असा माणूस शोधावा लागला असता.

कॉलनीत राजचुका आता घरोघरी होता. उन्हाळेच असे झाले होते की मेथी उगवता उगवता करपायची आणि पालक म्हणजे सणासुदीची चैन झाली होती. अशा दिवसांत गार्गी खैरनार आणि तिच्या प्रयोगशाळेनं थंड मुलखातलं एक झाड हाती घेतलं. रुबार्ब त्याचं नाव. तिकडचे लोक त्याचे आंबट देठ साखरेत शिजवून खायचे आणि पानं फेकून द्यायचे, कारण पानं विषारी. आपल्याकडे त्याच्या जातीतलं वाळकं मूळ काष्ठौषधीवाल्याकडे रेवाचिनी म्हणून मिळायचं, तेवढीच ओळख.

झाडाला उन्हाची सवय लावणं तसं सोपं गेलं. पानातलं विष, म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल, घालवायला मात्र गार्गीची सगळी उमेद खर्ची पडली. ते आम्ल तयार करणारं जनुक कापून टाकावं, तर रोपच मरायचं. शेवटी तिनं ते कापलं नाही, मुकं केलं. जनुक होतं तिथंच राहिलं, फक्त त्याच्या तोंडात बोळा बसला. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकणारं, थोडक्या पाण्यावर भागवणारं, दोन पानांत घरादाराची भाजी देणारं झाड तयार झालं. लोकांनी त्याला नावही लगेच दिलं. चुक्याच्याच कुळातलं, म्हणून राजचुका. तक्रार एकच होती, चवीची. मूळचा आंबटपणा बराचसा त्या आम्लाचाच होता. ते गेलं आणि पान मिळमिळीत झालं. बायका पातळ भाजीत चिंच घालून वेळ मारून नेत.

गुढीपाडव्याला जोडून रजा काढून गार्गी घरी आली होती. स्वयंपाकघरात चहा पीत उभी होती, तेवढ्यात तिचं शेगडीकडं लक्ष गेलं.

"आई, दोन पातेल्यांत भाजी कशाला?"

"ही आपली, चिंच घातलेली. ती कल्पनाची." शुभांगीताईंनी स्टीलचा छोटा डबा पुसून ओट्यावर ठेवला. "दवाखान्यातलं जेवण म्हणजे नुसतं कोमट पाणी. तोंडाला चवच नाही म्हणते बिचारी. पण ही भाजी दिली की वाटी चाटूनपुसून साफ."

कल्पना बागूल म्हणजे भिंतीपलीकडच्या मावशी. एकाच शाळेत दोघींनी जन्म काढला, निवृत्तही बरोबरच झाल्या. गार्गीचा अर्धा अभ्यास त्यांच्याच ओटीवर झालेला. त्यांची मूत्रपिंडं अचानक बिघडली होती. साखर नाही, रक्तदाब नाही, काही नाही.

"डॉक्टरांनाही कळत नाहीये गं," शुभांगीताई म्हणाल्या. "यंत्रावर घेतात, रक्त धुतात, चार दिवस बरं वाटतं, की पुन्हा तोंड सुजतं. तिकडे जळगावला तिची मयूरी पोटुशी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर आईच दवाखान्यात पडलेली. पोरीला घोर नको म्हणून जरा अशक्तपणा आहे, एवढंच सांगितलंय."

"त्यांना बाहेरचं खाणं चालतं?"

"चालत कसलं! पर्समध्ये लपवून नेते मी. दोन घासांनी काय होतंय?"

गार्गी हसली. आई कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. चहाचा कप घेऊन ती परसात आली आणि आपण घडवलेलं झाड डोळे भरून पाहावं म्हणून आळ्यापाशी बसली. तिथं तिचं हसू गेलं.

"आई! हा गड्डा एवढासा कसा? दिवाळीत दुरडीएवढा होता!"

"वाण लुटलं ना संक्रांतीला!" खिडकीतून उत्तर आलं, आणि मागोमाग शुभांगीताईच आल्या, पदराला हात पुसत. त्यांचा चेहरा फुलला होता. "दरवर्षी त्या प्लॅस्टिकच्या डब्या वाटायच्या आणि दरवर्षी त्याच डब्या आपल्याकडे परत यायच्या. म्हटलं, यंदा काहीतरी जितंजागतं द्यावं. थंडीत पानं वाळलेली होतीच, झाड झोपलेलं. अर्धा गड्डा खणून काढला, सुरीनं तुकडे केले. प्रत्येकाला कोंबाचा एक तरी डोळा येईल असे हं. ओल्या फडक्यात गुंडाळले, वर हळदीकुंकू लावलं. अगं, सगळ्या जणी बघतच राहिल्या."

"पत्रकात लिहिलं होतं ना, की लावल्या जागेवरून हलवू नका?"

"ते काय, सगळेच लिहितात. लोकांनी दरवेळी नवं रोप विकत घ्यावं म्हणून. मला वाटलं, तुझ्या साहेबांनी लिहायला लावलं असेल."

ती ओळ गार्गीनं स्वतःच घातली होती, सावधगिरी म्हणून. हलवलं तर काय होईल हे कुणी पाहिलंच नव्हतं. प्रयोगशाळेत त्यांनी त्या झाडाला उन्हात भाजलं, तहानेनं वाळवलं, खारट पाणी पाजलं, वर किडी सोडल्या. जनुक मुकं ते मुकंच राहिलं. सुरी मात्र कुणी लावली नाही. घरटी एक रोप द्यायचं, ते तिथंच वर्षानुवर्षं राहणार, त्याला खणतंय कोण, असा हिशेब होता. बाहेरच्या कुणी हा हिशेब केला असता तर समजण्यासारखं होतं. पण गार्गी याच अंगणात वाढलेली. संक्रांतीला आईच्या मागे तबक धरून घरोघर हिंडलेली. आपल्याकडे अंगणात चांगलं काही आलं की ते शेजारी गेल्याशिवाय राहत नाही, हे तिला वेगळं सांगायला हवं होतं का?

ती आत जाऊन आपल्या पिशवीतल्या तपासपट्ट्या घेऊन आली. पानाचा रस लावायचा. पट्टी पिवळी राहिली तर पान खाण्याजोगं, जांभळी झाली तर विषारी. आईच्या झाडाचं पान तिनं चुरगाळलं. पट्टी पिवळीच राहिली.

"बघ! उगाच मेलं जिवाला घोर लावतेस," शुभांगीताई म्हणाल्या.

"हा गड्डा जमिनीतून निघालाच नाही, आई. याची खालची मुळं शाबूत आहेत. मला वाटलेल्या तुकड्यांचं बघायचंय."

"मग त्यात काय, कल्पनाचं बघ. सगळ्यात मोठा तुकडा तिलाच दिलेला, चांगला तीन डोळ्यांचा. माझ्यापेक्षा जोमानं आलाय आणि आंबट तर असा, की चिंचेचं बोटही लागत नाही. लहानपणी खायचो ना, अगदी तो चुका! तिचं घर बंद, पानं नुसती वाया जायची. म्हणून डब्यासाठी रोज मी तिचीच..."

गार्गी तोवर स्वयंपाकघरात पोचली होती. दुसऱ्या पातेल्यात तिनं पट्टी बुडवली. जांभळीसुद्धा नाही, पट्टी जवळजवळ काळी झाली.

शुभांगीताई दारातच उभ्या होत्या. चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईला पट्टीचा रंग समजावून सांगावा लागला नाही. त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

"असं कसं झालं? तू तर विष काढून टाकलं होतंस."

"काढलं नव्हतं, गप्प बसवलं होतं." गार्गीही त्यांच्याजवळ फरशीवर बसली. "मुळं तुटली की झाडाला वाटतं, आता आपण संपलो. मग असेल नसेल ते हत्यार ते बाहेर काढतं. ते जनुक पुन्हा बोलायला लागलंय. मावशीच्या मूत्रपिंडांत त्या आम्लाचे स्फटिक साचत असणार, खडीसाखरेसारखे, पण टोकदार."

"ती आजारी पडली ते?"

"याच्यानंच असणार."

"आणि बरी होता होता पुन्हा बिघडत होती ती माझ्या डब्यानं." हे त्या विचारत नव्हत्या. थोड्या वेळानं त्या एकदम लेकीवर उसळल्या. "तू कसली गं शास्त्रज्ञ? सुरी लावून बघायची अक्कल नव्हती एकालाही? लोकांच्या ताटात वाढायच्या आधी?"

"नव्हती," गार्गी म्हणाली. "चूक माझी आहे, आई. तुझी नाही."

"डबा तर मीच नेला ना!" असं म्हणून त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. गार्गीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, त्यांनी तो झटकला, आणि मग तोच हात घट्ट धरून ठेवला.

गार्गीनं आधी दवाखान्यात फोन लावून डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी झाडाचं नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं. मग म्हणाले, कारण कळलं हे बरं झालं, आता उपचाराला दिशा मिळेल. पण मूत्रपिंडं किती परत येतील, येतील की नाही, ते आज सांगता येणार नाही. नंतर तिनं प्रयोगशाळेत फोन केला आणि आजच्या आज सगळीकडे इशारा द्यायला सांगितलं. तिकडून कुणीतरी विचारलं की एवढी घाई करायची का, आधी खात्री करून घेऊ. त्या माणसाला ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग दोघी मायलेकी कुदळ घेऊन गल्लीत निघाल्या. हे काम वाटलं त्याहून अवघड निघालं. राजचुका कुणालाच द्यायचा नव्हता, कारण असा आंबट राजचुका आजवर कुणी खाल्लाच नव्हता. कोपऱ्यावरच्या स्मिता वानखेडे तर फाटकातच आडव्या झाल्या.

"आम्हाला कुणाला काही झालं नाही, शुभांगीताई."

"होईपर्यंत थांबायचंय का?"

"अहो, पण वाण कुणी परत घेतं का? सवाष्णीला दिलेलं? मनाला तरी कसं वाटेल ते!"

"मला बरं वाटतंय असं वाटतं का तुम्हाला?" शुभांगीताई म्हणाल्या, आणि फाटक ढकलून आत शिरल्या. आपणच हळदीकुंकू लावून दिलेला गड्डा त्यांनी आपल्या हातांनी खणला. तो चांगलाच रुजला होता, लवकर सुटेना. मुळं तुटताना कटकट आवाज येत होता. गार्गी कुदळ मागत होती, पण त्यांनी ती शेवटपर्यंत सोडली नाही.

दुपारी भेटायच्या वेळेला दोघी दवाखान्यात पोचल्या. कल्पनामावशी उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, हाताला नळ्यांच्या खुणा, पण शुभांगीताईंना बघून त्यांचे डोळे आधी पर्सकडे गेले.

"आणलंस का गं? सकाळपासून वाट बघतेय."

शुभांगीताई पलंगाच्या कडेला बसल्या. वाटेत गार्गी म्हणाली होती, मी सांगते. त्यांनी ते मानलं नव्हतं.

"कल्पे, आता ती भाजी नाही आणायची. तिच्यातच विष होतं. गड्डा मी दिला, पानं मी काढली, डबा मी भरवला. तुझी ही दशा माझ्या हातानं झाली गं."

मग गार्गीनं सगळं नीट सांगितलं. मुळं, जनुक, स्फटिक, पट्टीचा रंग. चूक आपली, हेही सांगितलं. मावशी ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत, आणि रागावल्या असत्या तर बरं, असं गार्गीला वाटून गेलं.

"तरीच म्हटलं, चिंच न घालता एवढी चव," मावशी शेवटी म्हणाल्या. त्यांनी शुभांगीताईंचा हात हातात घेतला. त्या हाताच्या नखांत अजून माती होती. "तू प्रेमानं दिलंस. मी आवडीनं खाल्लं. आता कुणाला काय बोलायचं?"

त्या तो हात थोपटत राहिल्या. मग मावशींचा हात थांबला.

"गार्गी, तुकडा केला की विष जागं होतं, म्हणालीस. मग त्या तुकड्याचा तुकडा केला तर?"

"का, मावशी?"

"तीन डोळे होते ना माझ्या गड्ड्याला. मयूरीला आंबटाचे डोहाळे लागले होते. चिंचा खाऊन खाऊन घसा धरला पोरीचा. म्हटलं, हे तरी पौष्टिक. एक डोळा कापून ओल्या फडक्यात बांधला आणि जावयांच्या हाती..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायची वाट गार्गीनं पाहिली नाही. तिनं फोन काढला. नंबर लावायला दोनदा चुकली. शुभांगीताई म्हणाल्या, "मोठ्यानं लाव, आम्हालाही ऐकू दे."

पलीकडून लगेच आवाज आला, अगदी खुशीतला.

"गार्गीताई! तुलाच फोन करणार होते बघ. आईला सांग, तिचा राजचुका काय फुटलाय म्हणून सांगू! रोज खाते, एक दिवस चैन पडत नाही. आणि ऐक ना, परवा माझं डोहाळजेवण झालं. सगळ्या जणी त्याच्याच मागे लागल्या होत्या. सासूबाई म्हणतायत, हिला तर देऊच, तिलाही देऊ. आमच्या एवढ्याशा गड्ड्याचे किती तुकडे होतील गं, ताई?"