नखाएवढे फोटो

बाजाराच्या दिवशी भर दुपारी खुशाल अहेरीच्या चौकातल्या फोटो स्टुडिओत शिरला, तो बहिणीच्या लग्नाचे फोटो विचारायला. मालक देवाजीभाऊ बाहेर गेले होते. कॉम्प्युटरसमोर त्यांची मुलगी पुनम अवघडलेली मान चोळत बसली होती. लग्नाचे फोटो तिनेच काढले होते.

"झाले का जी फोटो?"

"होतात कुठी! दोनशे बारा हायेत. आत्ता तर चाळीस झाले."

गिऱ्हाइकाला निवड करता यावी म्हणून सगळे फोटो नखाएवढे करून ती एका कागदावर छापायची. गिऱ्हाईक पेनाने खुणा करी, आणि तेवढेच मोठे होत. त्यासाठी पुनम एकेक फोटो उघडायची, लहान करायची, वेगळ्या नावाने ठेवायची... मग पुढचा.

"एकेक काऊन करून राह्यल्या?" खुशाल म्हणाला. "मी चंद्रपुरात कोर्स केला ना. एका ओळीत सगळे होते."

"तुमच्या कोर्सात जादू शिकवते का?"

"सरका थोड्या. दाखवतो."

ती सरकली – थोडीशीच.

खुशालने पिशवीतली कोर्सची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर काळी चौकट उघडली. तिच्यात ना चित्र, ना बटण.

"इथी फक्त सांगायचं," तो टाइप करत म्हणाला. "कोणते फोटो? सगळे. काय करायचं? लहान. किती? शंभर ठिपके रुंद. पाहा आता!"

त्याने ऐटीत एंटर दाबलं. कॉम्प्युटर घरघरला, मग गप्प झाला.

"झालं?"

"झालं."

"मंग आता दिवसभर मी काय करू?"

"बोलत बसा... कोणाशी तरी."

पुनम हसली. खुशालने रुबाबात फोटोंची यादी मागवली आणि त्याचं हसू विरलं.

"काय झालं जी?"

"लहान केलेले कुठी ठेवायचे ते मी सांगतलंच नाई. त्यानं मूळ फोटोच लहान करून टाकले. सगळे."

पुनमने नवरीचा फोटो उघडून मोठा केला. नाक कुठे, नथ कुठे, काही कळेना. नुसते धुरकट चौकोन.

"ताई परवा सासरहून येते," खुशाल पुटपुटला. "फोटोसाठीच येते... कॅमेऱ्यातलं कार्ड?"

"बाबा लगेच पुसतात. दुसऱ्या कामाले लागते ना."

तो उठला. "देवाजीभाऊ कुठी भेटतील? चूक माई आहे. मीच सांगतो त्याईले."

तो दारापर्यंत गेला. पुनम टेबलाची कड घट्ट धरून बसली होती. ते कार्ड पुसलेलं नव्हतं. बिघडलं म्हणून तिने बाबांना खोटं सांगितलं होतं आणि ते टिकल्यांच्या डबीत जपून ठेवलं होतं. कारण त्यावर एक फोटो असा होता, जो तिने कॉम्प्युटरवर उतरवलाच नव्हता. कार्ड दिलं, तर तो दिसणार. नाही दिलं, तर एका बहिणीचं लग्न कायमचं पुसलं जाणार.

"थांबा," ती म्हणाली. पर्समधून डबी काढली. "हे घ्या. पण... यातला एक फोटो मी आधी काढून टाकू?"

"नाई नाई! आता हेच एक उरलं. काहीच पुसायचं नाई. आधी सगळं जसंच्या तसं उतरवू."

सगळे फोटो उतरले. या वेळी त्याने तिलाच टाइप करायला लावलं. आधी लहान फोटोंसाठी नवा फोल्डर. मग हुकूम. मग त्या फोल्डरचं नाव. एंटर दाबण्याआधी दोघांनी ती ओळ बोट ठेवून वाचली.

छापून आलेल्या पानावर इवल्या फोटोंच्या रांगा उमटल्या. शेवटच्या फोटोवर पुनमने झटकन तळहात ठेवला.

"दोनशे तेरा?" खुशालने पानाच्या माथ्यावरचा आकडा वाचला. "हात काढा ना."

"नाई."

नजर चुकवायला ती वरच्या रांगा पाहू लागली... आणि थबकली. मोठ्या फोटोंत चेहरे दिसतात, म्हणून इतके दिवस ती नवरीकडेच पाहत आली होती. नखाएवढ्या फोटोंत चेहरे हरवले होते, रंग तेवढे उरले होते. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला एक फिरोजी ठिपका होता. मांडवात फिरोजी, पंगतीत फिरोजी, नवरदेवाच्या बुटांपाशीही फिरोजी.

"हा सदरा... तुमचा ना?"

खुशालचे कान लाल झाले. "बहिणीचं लगन होतं. भावाले राहाच लागते."

"बायका ओटी भरत होत्या, तिथीही?"

तो हळूच म्हणाला, "तू जिथी कॅमेरा घेऊन जाय, तिथीच मले काम निघे."

पुनमचा हात आपोआप बाजूला झाला. शेवटच्या फोटोत खुशाल एकटाच होता, चौकट भरून, म्हणून एवढ्या लहानातही ओळखू येणारा. हातात बुंदीची बादली, फिरोजी सदऱ्यावर वरणाचा डाग, तोंडभर हसू.

पुनमने टिकल्यांच्या डबीचं झाकण लावलं.

"बाबाले सांगा लागन," ती म्हणाली. "कार्ड बिघडलं नाई म्हणून."

"सांगू. काऊन ठेवलं तेही सांगू. मी येतो सोबत." त्याने पुन्हा एकदा पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पण तू कुठीच नाईस यात. दोनशे तेरा फोटो, आनि तू एकातही नाई."

"फोटो काढणारी फोटोत कशी राहीन?"

खुशालने कार्ड टेबलावरच्या कॅमेऱ्यात परत घातलं आणि कॅमेरा उचलला. "इकडे पाह्य."

आयुष्यभर लोकांना 'हात नीट ठेवा' म्हणणाऱ्या पुनमला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी तिने ते तसेच राहू दिले – आणि पाहिलं.