दोन स्प्रिंगांची गाडी

मोखोत्लोंगच्या पेट्रोल पंपावर टू-स्ट्रोक ऑइलची एकच बाटली उरली होती, आणि त्या बाटलीवर दोन हात एकाच वेळी पडले.

एक हात लिम्फोचा. दुसरा हात तिनं याआधी गावात कधी पाहिला नव्हता. लांब बोटांचा, नखांत काळं ग्रीस भरलेला.

"मी आधी धरली," ती म्हणाली.

"तुम्ही झाकण धरलंय, आउसी," ताईला म्हणतात तसं तो म्हणाला. "बाटली माझ्या हातात आहे."

"मला शर्यतीच्या गाडीसाठी हवीय. नव्या."

"मलाही."

"या गावात शर्यतीची नवी गाडी एकच आहे."

"हो ना," तो म्हणाला आणि हसला. "तीच."

लिम्फोला ते हसू अजिबात आवडलं नाही. तिनं बाटली ओढली, पैसे ठेवले आणि मागं न बघता बाहेर पडली. मोटरसायकल क्लबच्या शेडपर्यंत तिच्या मागून पावलं वाजत राहिली. ती भराभर चालली, तशी ती पावलंही भराभर चालली.

शेडच्या दारात क्लबचे अध्यक्ष माखेथा उभे होते; वडीलधारे म्हणून सगळे त्यांना न्ताते म्हणायचे. लाकडी खोक्यातून काढलेली गाडी त्यांच्या मागं, अजून प्लास्टिकमध्ये. सीमेपलीकडच्या एका दुकानदारानं ती डिसेंबरच्या डोंगरी शर्यतीसाठी क्लबला दिली होती. गाडी एक, तेव्हा स्वारही एक.

"बरं झालं, भेटलात," न्ताते म्हणाले. "लिम्फो, हा मोलेफी. सीमेपलीकडच्या फ्री स्टेटहून परत आलाय. यालाही शर्यतीत उतरायचंय."

 डोंगरातल्या दवाखान्यांतून रक्ताचे, थुंकीचे नमुने गोळा करून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचवणं हे लिम्फोचं काम. छोट्या गाडीवर, बर्फात, चिखलात, नदीला पाणी असताना. गेल्या वर्षी क्लबनं शर्यतीला दुसऱ्याला पाठवलं होतं आणि तिला बरोबर नेलं होतं, चहा करायला. या वर्षी तिचं नाव ठरल्यातच जमा होतं.

"यालाही म्हणजे?" ती म्हणाली. "आणि मी?"

"तूही. दोघांनी मिळून गाडी तयार करा. मग एकच वाट, एकच गाडी. पुलापासून वर गुराख्यांच्या ठाण्यापर्यंत आणि परत. ज्याला कमी वेळ लागेल, त्याचं नाव जाईल."

"याच्याबरोबर?"

"मी चावत नाही," मोलेफी म्हणाला.

"मी चावते."

नवी गाडी म्हणजे तयार गाडी नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होतं. कारखान्यातून ती निघते तेव्हा बेअरिंगांत ग्रीस नखावर मावेल एवढंच असतं. बोल्ट कुठं सैल, कुठं जास्तच आवळलेले. कार्ब्युरेटर समुद्रकाठच्या हवेसाठी लावलेला. आणि इथं वरच्या खिंडीत हवा इतकी विरळ, की तशीच गाडी नेली तर ती धूर ओकत अर्ध्या वाटेत बसून राहते. म्हणून ती आधी सगळी उघडायची. चाकं, हँडलचा दांडा, मागचा शॉकअब्सॉर्बर… सगळं.

त्यांनी उघडली. शेडबाहेरचं पीचचं झाड फुललं होतं आणि वारा आला की गुलाबी पाकळ्या सरळ ग्रीसच्या डब्यात पडायच्या. लिम्फो त्या चिमटीनं काढायची. मोलेफी नाही काढायचा.

"बेअरिंगमध्ये फुलं घालताय?"

"शर्यतीत वास चांगला येईल."

"मूर्खपणा आहे."

"आहे," तो म्हणाला, आणि मुकाट्यानं पाकळी काढली. पुढं रोजच काढू लागला.

भांडण रोजचं होतं. लिम्फो संध्याकाळी हँडल आपल्याकडे वळवून जायची, सकाळी ते पुढं झुकलेलं असायचं. ती क्लचचा दांडा आत घ्यायची, तो बाहेर सरकलेला असायचा.

"माझं हँडल कुणी हलवलं?"

"तुमचं? त्यावर नाव होतं का?"

"माझ्या खांद्यांना ते बरोबर होतं."

"तुमचे खांदे…" तो म्हणाला, जरा थांबला, आणि पान्याकडे बघत म्हणाला, "तुमचे खांदे लहान आहेत. एवढंच म्हणायचं होतं."

एक काम मात्र एकट्यानं होणारं नव्हतं. स्वार बसला की गाडीची मागची बाजू किती दबते, ते मोजावं लागतं, नाहीतर चढावर पुढचं चाक भरकटतं. लिम्फोचं वजन बेताचं, म्हणून तिच्यासाठी नरम स्प्रिंग मागवली होती, पांढऱ्या रंगाची खूण असलेली. मोलेफीची मूळचीच, कडक, पिवळ्या खुणेची. आणि माप घ्यायचं तर एकानं हेल्मेट-बूट घालून वर बसायचं, दुसऱ्यानं चाकाशी गुडघे टेकून टेप धरायचा. म्हणजे तिचं माप त्याच्या हातात, त्याचं तिच्या.

"हलू नका," तो खालून म्हणाला.

"मी हलत नाहीये."

"श्वास घेताय."

"तो थांबवू?"

"नको… तो असू दे."

त्यानं आकडा सांगितला. लिम्फोचा विश्वास बसला नाही. दुपारी तिनं न्ताते माखेथांकडून पुन्हा मोजून घेतलं. आकडा तोच निघाला. त्याचाही तिला राग आला, आणि राग नेमका कशाचा, हे सापडेना, म्हणून आणखी आला.

मग इंजिन रुळवायचे दिवस आले. सावकाश चालवायचं, तापू द्यायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं. इंजिन थंड होईपर्यंत दुसरं काही करता येत नाही. खोक्याच्या फळीवर दोघं बसायचे, मध्ये कागदात गुंडाळलेले पिठाचे तळलेले गोळे. जळलेल्या ऑइलचा गोडसर वास हवेत असायचा. गोळे संपले की बोलण्यावाचून गत्यंतर नसायचं.

"तिकडं फ्री स्टेटमध्ये किती शर्यती मारल्यात?" तिनं एकदा विचारलं.

"एकही नाही."

"एकही?"

"सहा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या तयार केल्या. धुतल्या, जुळवल्या, सुरुवातीच्या रेषेपर्यंत ढकलत नेल्या. तिथून मला मागं व्हायला सांगायचे." तो फळीवरचा तुकडा उकरत राहिला. "एकदा मालकाच्या मुलाच्या हाताला लागलं होतं. गाडी उभी, मी उभा. म्हणाले, राहू दे, या वेळी नको."

"आणि तू राहू दिलंस?" तिच्या तोंडून एकदम 'तू' आलं.

"मग काय करणार होतो?"

"मी असते तर गाडी घेऊन पळाले असते."

"ते दिसतंच आहे," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. लिम्फोनं उठून इंजिनवर हात ठेवला. ते केव्हाच थंड झालं होतं… दोघांनाही लक्षात आलं नव्हतं.

चाचणीच्या सकाळी ती लवकर शेडमध्ये गेली. चिठ्ठीत मोलेफीचा नंबर पहिला होता, म्हणजे गाडीवर कडक स्प्रिंग हवी. तिनं सवयीनं वाकून पाहिलं. खूण पांढरी होती.

तिनं पुन्हा पाहिलं. मग सरळ उभी राहिली.

मोलेफी आत आला तेव्हा ती गाडीच्या आणि त्याच्या मध्ये उभी होती.

"ही काय गंमत आहे?"

"कसली?"

"माझी स्प्रिंग घालून तू वर जाणार? तुझ्या वजनाला? प्रत्येक दगडावर स्प्रिंग पार दबून गाडी आपटेल. लहान मुलगाही तुला हरवील."

"चूक झाली असेल."

"तू चूक करत नाहीस. मी पंधरा दिवस बघतेय, तू पाकळीसुद्धा काढून ठेवतोस." तिचा आवाज चढला नव्हता, पण मोलेफी पुढं यायचा थांबला. "कुणी सांगितलं तुला माझ्यावर उपकार करायला?"

"उपकार नाहीत."

"मग काय आहे?"

तो पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. "तुला ही शर्यत माझ्यापेक्षा जास्त हवीय. आणि मला… मला शर्यतीपेक्षा तू जास्त हवी आहेस. झालं? ऐकायचं होतं ना?"

लिम्फोचा चेहरा तापला. हे शब्द एरवी कसे लागले असते, ते तिला कळलंही नाही, कारण रागात जागाच उरली नव्हती.

"हे असं सांगतोस? चोरून स्प्रिंग बदलून? अरे, उद्या मी डिसेंबरात पहिली आले तरी गाव म्हणेल, मोलेफीनं सोडली म्हणून गेली. जन्मभर म्हणेल. सहा वर्षं तुला रेषेवरून मागं सारलं, तेव्हा तुला कसं वाटलं? आणि तू मला काय देतोयस? ढकलत नेऊन उभं करतोयस रेषेवर, बाहुलीसारखं."

पाना फिरवणारा त्याचा हात थांबला.

"काढ ती."

"लिम्फो, लोक पुलावर जमलेत—"

"थांबतील. काढ. मी शॉक धरते."

त्यांनी ती काढली. एकमेकांकडे न बघता, एक शब्द न बोलता, आणि इतक्या सफाईनं, की हात एकमेकांच्या आड एकदाही आले नाहीत. पिवळी बसवली. तिनं त्याला वर बसवलं आणि टेप धरला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आता नीट चालव. नाहीतर मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. खरंच नाही."

मोलेफी गेला. डोंगराच्या अंगावर इंजिनाचा कर्कश आवाज चढत गेला, बारीक झाला, वळला. मध्ये एकदा तो पूर्ण थांबला. पुलावरच्या, अंगाभोवती ब्लँकेट पांघरलेल्या मंडळींनी माना वर केल्या, लिम्फोचा हात कठड्यावर घट्ट झाला. मग आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा चिडका. मोलेफी उतरला तेव्हा त्याची एक बाही फाटली होती, कोपर सोललं होतं. त्यानं आपल्याच हातानं स्प्रिंग बदलली, तिचं माप घेतलं आणि बाजूला झाला.

मग ती गेली. ही वाट तिच्या रोजच्या कामाची. कुठला दगड हलतो, ओढ्यात कुठल्या बाजूला तळ घट्ट आहे, खडीच्या उतारावर ब्रेकला हात लावायचा नाही, हे तिच्या अंगात होतं. तरी एवढी ताकद तिच्या हाताखाली कधी आली नव्हती. ठाण्याजवळ गाडी तिच्या हातून सुटता सुटता राहिली. एक गुराखी काठी उंचावून काहीतरी ओरडला, ते तिला ऐकू आलं नाही.

न्ताते माखेथांनी घड्याळ दोनदा पाहिलं.

"फरक थोडाच आहे," ते म्हणाले. "पण आहे. लिम्फो."

टाळ्या पडल्या. आणि क्लबच्या कार्यकारिणीतले न्ताते सेलो शेजाऱ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणाले, "अहो, पोरगी आहे. त्यानं जरा सोडली असेल."

लिम्फोनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी दुसरंच कुणी बोललं.

"कुणी सोडली?" मोलेफी गर्दी सारत पुढं आला. "हे कोपर बघा. खडीवर आपटलो, उठलो, पुन्हा पळवली. गाडीत होतं नव्हतं ते सगळं पिळून काढलं मी, न्ताते. ती माझ्यापेक्षा जोरात गेली. मला राग आलाय त्याचा, भयंकर राग आलाय. तेवढा तरी माझ्याकडे राहू द्या. तोही सोडला म्हणू नका."

न्ताते सेलो ब्लँकेट सावरत दुसरीकडे बघू लागले.

लिम्फो मात्र मोलेफीकडेच बघत होती. तो खरा चिडला होता. जबडा घट्ट, डोळे ओले, हरल्याचं दुःख लपवायचं भानही नाही. सकाळपासून तिच्या छातीत जे पेटलं होतं, ते विझलं नाही, पण त्याची धग निराळी झाली.

तो पुलाखाली नदीकाठी जाऊन बसला. ती पाण्याची बाटली घेऊन मागोमाग गेली.

"सकाळी तू काहीतरी म्हणालास."

"काही नाही म्हणालो."

"म्हणालास. मी रागावले होते, बहिरी झाले नव्हते."

"आत्ता नको. हरलोय मी."

"मग मी बोलते. तू मला हरवायला निघाला होतास. मनापासून." ती जरा अडखळली. "तसा तू मला… आवडतोस. सकाळचा नाही. हा."

त्यानं पाण्यात एक खडा टाकला. मग म्हणाला, "डिसेंबरात गाडी मी तयार करणार. आणि हे उपकार नाहीत, आधीच सांगतो. जिनं मला हरवलं, तिनं दुसऱ्या कुणाकडून हरता कामा नये."

"हात दे."

तिनं त्याचं कोपर धरलं, पाणी ओतलं आणि जखमेतले खडे एकेक करून काढू लागली. तो कळवळला, तरी कुरकुर चालूच होती. त्या उतारावर आदल्या दिवशी एवढी खडी नव्हती, पुढच्या वर्षी बघतो, डावीकडून जायला हवं होतं…

"उजवीकडून," ती म्हणाली.

"डावीकडून."

कोपर केव्हाच स्वच्छ झालं होतं. तिनं हात सोडला नाही, आणि तो खडीबद्दल बोलतच राहिला.