तिसऱ्या भागाचं शेवटचं पान

निवेदकाच्या धंद्यात पान उलटण्यासारखा दुसरा गुन्हा नाही. माइकचा कान भलताच तिखट. कागद जरा सळसळला की वाक्य पुन्हा वाचा. म्हणून काका हल्ली टॅबवरूनच वाचत. बोट सरकवलं की पान पुढे, आवाज शून्य. अठ्ठावीस वर्षं ते असे बंद खोलीत बसून ऑडिओबुकं वाचत होते.

सध्याचं पुस्तक म्हणजे मुलांसाठीच्या एका कादंबरीत्रयीचा तिसरा आणि अखेरचा भाग. उंच भिंतीआडचं शहर. सोळावं सरलं की तिथल्या मुलांना फाटकाबाहेर काढायचं, असा कायदा. बाहेर गेलेलं कुणी परत येत नाही. पहिल्या दोन भागांच्या वेळी काकांची लेक काचेपलीकडे छापील पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. बाप एका पानावर, तर ही दोन पानं पुढे. काका तिला घाईबाई म्हणत.

"बाबा, फाटकाबाहेर गेल्यावर तिचं काय होतं, ते आधी मला वाचून दाखवायचं हं. रेकॉर्डिंग मागून."

"कबूल," काका म्हणाले होते.

तिसरा भाग यायच्या आत, तीन दिवसांच्या तापात ती गेली. आई तर ती लहान असतानाच गेलेली. आता काका दिवसभर परक्यांसाठी बोलत आणि घरी येऊन एका ताटात मुकाट्याने जेवत. फार एकटे पडले होते बिचारे.

तिसरा भाग वाचायला घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग करणारी बाई काचेपलीकडून म्हणाली, "काका, पानाचा आवाज येतोय."

"अगं, पान कुठाय इथे? टॅबच्या काचेवर बोट फिरवतोय मी."

तिने माइक बदलला. खुर्ची बदलली. पंखा बंद करून दोघंही घामाघूम झाले. सळसळ आपली येतच राहिली. सुरुवातीला काका बोट सरकवत तेव्हाच यायची, मग एक ओळ आधी, मग अर्धं पान आधी. आठवड्याभरात ती पुरती दोन पानं पुढे गेली.

तेव्हा काकांनी ओळखलं. अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. बाईला ते काहीच बोलले नाहीत.

वाक्य चुकलं की दोन वाक्यं मागे जाऊन पुन्हा वाचायचं, हा तिथला रिवाज. काका मागे गेले की सळसळही मागे येई, थोडी चिडल्यासारखी. मग काय, काका चुकायलाच लागले. सोप्या शब्दांना अडखळत, ओळी गाळत, रोजचं प्रकरण दोन-दोन दिवस पुरवत. पुस्तक संपल्यावर ती कशाला थांबेल?

"काका, बरं नाही का तुम्हाला?" बाईने विचारलं. "तुमच्या इतक्या चुका मी जन्मात ऐकल्या नाहीत."

"वय झालं गं."

एका दुपारी शेवटचं पान समोर आलं. काकांनी टॅब पालथा घातला.

"उरलेलं उद्या."

"अहो, एकच पान आहे!"

"उद्या म्हटलं ना."

ते गेलेच नाहीत. चार दिवस फोनही उचलला नाही. पाचव्या दिवशी बाईचा निरोप आला: शेवटचं पान सुरेख झालंय, एकदा ऐकून जा.

काका धावत पोचले. "कधी वाचलं मी?"

"थट्टा करताय का? त्याच दिवशी की! निघालात आणि पाच मिनिटांत परत आलात. म्हणालात, लेकीला कबूल केलंय."

काका आत जाऊन बसले. हेडफोन चढवला.

आवाज त्यांचाच होता. एकही चूक नाही. मुलगी फाटकाबाहेर पडते. समोर धुकं, आणि तिला न्यायला कुणीतरी आलेलं.

पुस्तक संपलं. मग खोलीतली एक मिनिटाची शांतता. पुढे तुकडे जोडताना मधे भरायला लागते म्हणून ती दर वेळी रेकॉर्ड करून ठेवतात.

त्या शांततेत पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"झालं गं," त्यांचाच आवाज हळू म्हणाला. "चल."

दार उघडलं. दोघांची पावलं लांब गेली.

काकांनी हेडफोन काढला. डोळे भरून आले होते. "छान झालंय," ते म्हणाले.

काचेपलीकडे बाई पडद्याकडे बघत होती. माइक चालू होता. पडद्यावरची आवाज दाखवणारी हिरवी रेघ हलली नाही. तिने वायर काढून पुन्हा खोचली.

"माइक गेला वाटतं," तिचा आवाज स्पीकरमधून आला. "बोला ना काका, काहीतरी."

काका बोलतच होते.