अठ्ठ्याहत्तर किलो

दाजींनी मेहुण्याला फूटपट्टी हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की कारखान्यात त्याचं खरं नाव कुणाला आठवेना. नाव काही खोटं नव्हतं. चहात साखर घालतानाही तो चमचा सपाट करून घेई. तो कागदावर बोटी आखायचा आणि दाजी त्या बांधायचे. एक मोजणारा, एक ठोकणारा. पंधरा वर्षं दोघांचं बरं जमलं होतं.

त्यांची शेवटची बोट एकवीस फुटांची. साध्या मोटारीमागे ट्रेलरवर घालून कुठंही न्यावी, एकट्या माणसानं डोलकाठी उभी करावी, शीड चढवावं आणि दोन दिवस पाण्यावर राहून घरी यावं, अशी. आत दोघांना झोपायला फळ्या, एक शेगडी, बसल्यावर डोकं आपटणार नाही एवढी उंची. खरी गंमत तळाशी होती. बोट उलटू नये म्हणून तळाला वजन हवं, आणि वजन असलं तर ती मोटारीला ओढवत नाही. म्हणून फूटपट्टीनं तळाशी तीनशे लिटरची टाकी बसवली. पाण्यात उतरल्यावर भरायची, बाहेर काढताना रिकामी करायची. दाजी म्हणाले, "माहेरी एक आणि सासरी एक, असं आहे हिचं."

टाकीतली हवा बाहेर जायला एक नळी होती. ती त्यानं मागे सुकाणूजवळ काढली, हाताशी असावी म्हणून. तिच्यावर तळवा धरायचा. तळव्याला पाणी लागलं की टाकी भरली. चूक तिथंच होती. तळवा धरायला माणूस मागे बसला की त्याच्या वजनानं बोटीचं नाक वर येई आणि टाकीच्या पुढच्या टोकात हवा अडकून राही. नळीतून पाणी येई, पण टाकी पाऊणच भरलेली असे. आणि अर्धवट टाकी रिकामीहून वाईट, कारण बोट कलली की आतलं पाणीही त्याच बाजूला धावतं.

हे त्याला कळलं होतं. बोट दोरानं आडवी ओढायची आणि सोडल्यावर ती आपणहून उठते का ते बघायचं, ही चाचणी त्यानं दोनदा घेतली. पहिल्यांदा बोटीत कुणी नव्हतं. टाकी काठोकाठ भरली आणि बोट झटक्यात उठली. दुसऱ्यांदा त्यानं मागे दाजींच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवून टाकी भरली. दाजींच्या वजनाइतक्या, मोजून अठ्ठ्याहत्तर किलो. बोट आडवी झाली ती तशीच पडून राहिली. बोट जिथं मांडायची होती ते प्रदर्शन आठ दिवसांवर आलं होतं. त्यानं वहीत पहिली चाचणी ठेवली आणि दुसरीचं पान फाडलं. प्रदर्शन झालं की नळी पुढे नेऊ, असं त्यानं ठरवलं. दाजींना सांगायला हवं होतं, पण आपलं गणित चुकलं हे त्यांच्या तोंडावर कबूल करायची त्याला लाज वाटली. चौथ्या दिवशी दाजी एकटेच बोट घेऊन गेले.

बोट आडवी सापडली. दाजी दुसऱ्या दिवशी सापडले. चौकशीवाल्यांनी टाकी तपासली, ती पाऊणच भरलेली निघाली, आणि अहवालात लिहिलं की चालकानं टाकी भरण्यात हलगर्जी केली. फूटपट्टी त्यांच्या समोरच्याच खुर्चीवर बसला होता.

"तीस वर्षं बोटी बांधल्या," दाजींची बायको, म्हणजे त्याची ताई, म्हणायची, "आणि तेवढं पाणी भरायला कंटाळले? असा कसा रे हा माणूस?" रागानं सुरुवात करायची आणि मग रडायची. फूटपट्टीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. उद्या सांगू, उद्या सांगू करत तो पाच महिने तिच्याकडे चहा पीत राहिला.

पाच महिन्यांनी ताईनं बोट विकायला काढली. एका डॉक्टरबाईंना ती हवी होती. त्यांना फिरवून आणायचं काम फूटपट्टीकडे आलं. दुपारची वेळ, स्वच्छ ऊन. त्यानं बोट पाण्यात सोडली, धक्क्याला बांधली, आणि सवयीनं चार पावलं मागे जाऊन पाण्याची रेघ बघितली.

मागची बाजू दोन बोटं खाली होती. बोटीत कुणी नव्हतं.

त्यानं टाकी बघितली, ती रिकामी होती. फळ्या उचलून खाली बघितलं, सगळं कोरडं. नांगर आपल्या जागेवर, पुढे. मग त्यानं कागद घेऊन गणित मांडलं. उत्तर आलं अठ्ठ्याहत्तर, आणि जागा आली सुकाणूच्या डावीकडची, जिथं दाजी बसायचे. त्यानं पुन्हा मांडलं. मग कागदाची घडी करून खिशात घातली.

टाकी त्यानं बोटीच्या पुढच्या टोकावर उभं राहून भरली. कशी भरायची ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

वारा जोरात होता. तो आणि डॉक्टरबाई, दोघंही कलत्या बाजूला बसले होते. बोट वीस अंश तरी कलायला हवी होती. कल दाखवणारा काटा अकरावर थांबला. पलीकडच्या डाव्या कडेवर कुणी अंग टाकून बसलं की असं होतं.

"किती स्थिर आहे हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी उगीच घाबरत होते. तिकडे बसू का?"

"नको," तो पटकन म्हणाला. "तिथं ओलं आहे."

काहीतरी सांगायचं म्हणून त्यानं सांगितलं होतं. फळी खरोखरच ओली होती. एक माणूस बसेल एवढीच.

त्यानं बोट परत कारखान्यात नेली. दोन दिवस दार लावून काम केलं, नळी पुढे नेली, जुनं भोक बुजवलं, वर रंग दिला. पाण्यात नेऊन, वाळूच्या पिशव्या ठेवून चाचणी घेतली. बोट उठली. पिशव्या काढून त्यानं पाण्याची रेघ बघितली, तर ती सरळ होती, केसाचाही फरक नाही. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

डॉक्टरबाई बोट न्यायला आल्या त्या दिवशी ताईही धक्क्यावर आली. डॉक्टरबाई बोट ट्रेलरवर घालून गेल्या, पण जाण्याआधी ताईनं बोटीवरून एकदा हात फिरवला होता. हात रंगाच्या ठिगळावर थांबला होता.

"ते नवीन काय केलंस?" तिनं विचारलं.

"नळी पुढे घेतली."

"का?"

"अशीच. सोयीची पडते."

"आधीची चुकीची होती का रे?"

ताई त्याच्याकडे बघत होती. तो धक्क्याच्या फळ्या बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "तशी बरोबर होती."

"म्हणजे यांचंच चुकलं."

"हो," फूटपट्टी म्हणाला.

ताईनं मान हलवली. मग पदर नीट करून ती चालत घराकडे निघाली. सोडतो म्हणाला, तर नको म्हणाली.

तो एकटाच मोटारीत बसला. पट्टा लावून गाडी सुरू केली.

टुंग, टुंग, असा आवाज येऊ लागला. समोर तांबडा दिवा लागला होता. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही, असं गाडी सांगत होती.

शेजारच्या सीटवर काही नव्हतं. पिशवीही नव्हती.

आवाज थांबला नाही.

"उद्या सांगतो ताईला," तो समोर बघतच म्हणाला. "नक्की सांगतो, दाजी."

आवाज चालूच राहिला.

शेवटी तो वाकला, शेजारचा पट्टा ओढला आणि खटकन लावला. गाडी गप्प झाली. पट्टा सीटच्या पाठीला टेकला नाही. वीतभर अलीकडेच ताणून राहिला.

चौकात एक रस्ता ताईच्या घराकडे जात होता. तो दुसऱ्या रस्त्यानं वळला. वळणावर पट्टा हळूच बाहेरच्या बाजूला कलला, आणि रस्ता सरळ झाल्यावर पुन्हा जागेवर आला.