नदीकडं तोंड केलेला कर्णा

सुई अडकली होती. कर्ण्यातून एकच ओळ पुन्हा पुन्हा... मांडवातली माणसं आधी हसली, मग ओरडायला लागली.

"आरं, त्या मशिनवाल्याला कुणीतरी हाक मारा!"

मशिनवाला म्हणजे लाऊडस्पीकरवाला. तो पंगतीत बसून लापशी खात होता. मशीन माझ्यापासून दोन हातांवर, एका बाजेवर मांडलेलं. मी दांडा अलगद उचलला, सुईवरचा धुरळा फुंकरीनं उडवला आणि सुई पुढच्या रेघेवर ठेवली. गाणं सरळ चालायला लागलं.

खरकट्या हातानंच तो धावत आला.

"कुणी हात लावला?"

"मी."

"सुई मोडली असती म्हंजी?"

"मोडली का?"

"...न्हाई."

"मग जेवा जावा. लापशी गार हुतीया."

तो जाईना. माझ्याकडं बघत उभा राहिला. हाताला लागलेला गूळ कोपरापर्यंत ओघळला तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग मलाच हसू आलं.

हे चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातलं. लग्न माझ्या आत्येबहिणीचं होतं. ताईबाई आत्या दौंडच्या बाजूला, भीमेच्या काठावर राहायची. आमचं वडगाव रासाई शिरूरच्या बाजूला. मधे फक्त नदी आणि आनंदराव तात्यांची होडी. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि मला गाण्याचं वेड होतं.

आमच्या घरी रेडिओ नव्हता. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर गाणी लागायची त्याच वेळी मला पाणी आणायचं आठवायचं. शिरूरच्या बाजारात मी चहाच्या हॉटेलासमोर मिरच्या घेऊन बसायची, कारण तिथं दिवसभर रेडिओ चालू असायचा. मिरच्या सुकल्या तरी मी जागा बदलत नसे. दोनदा ऐकलं की गाणं माझं. दुसऱ्या दिवशी खुरपताना बायकांना म्हणून दाखवायचं. आणि लग्नसराई आली की मला नवरानवरीचं काही नसायचं. मला तबकड्या ऐकायच्या असायच्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी मशिनजवळच होते. त्याचं नाव चांगदेव. दौंडला रेल्वेलाईनीच्या मागं घर. एक मशीन, एक बॅटरी, दोन कर्णे आणि तबकड्यांची एक लाकडी पेटी, एवढा त्याचा संसार. सकाळी आधी बुद्धवंदना लावायची, मग भीमगीतं, मग लोकांची फर्माईश. दुपारनंतर तो नुसतं गाण्याचं नाव सांगायचा आणि मी पेटीतून तबकडी काढून द्यायची.

"कितवी शिकलीस?" त्यानं विचारलं.

"शिकले की," मी म्हणाले.

मी शाळेची पायरी चढले नव्हते. पण सकाळपासून मी तबकड्या बघत होते. ही लाल कागदाची. ही हळदीचा डाग पडलेली. हिला मधे बारीक चीर. आणि नावाड्याचं गाणं असलेली, तिच्या कडेचा नखाएवढा टवका उडालेला. त्या गाण्यात एक पोरगी नावाड्याला म्हणते, थोडं थांब, मला यायचंय. मला ते फार आवडलं. मी ते तीनदा लावायला सांगितलं.

"तिसऱ्यांदा?" तो म्हणाला. "नावाडी दमला आसंल आता."

"तुमाला काय त्याचं! वल्हं तुमी मारताय व्हय?"

"मारीन की... बसणारी आसंल तर."

मी तोंड फिरवलं. पेटी मात्र नीट लावून दिली.

पंधरा दिवसांनी मी नदीवर धुणं धूत होते. पलीकडून गाणं आलं. नावाड्याचं. इतकं स्पष्ट की वाटलं, कोणी दगडावर येऊन बसून गातंय. मी हातातलं लुगडं तसंच धरून उभी राहिले. मग चार दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. कुठंही लग्न असो, पहिल्या पंगतीला तेच गाणं पाण्यावरून यायचं.

खरं काय ते आनंदराव तात्यांनी सांगितलं. तात्या होडी चालवायचे आणि बातम्याही तेच पोहोचवायचे.

"पलीकडं हौसरावाच्या पोराचं लगीन हुतं," तात्या म्हणाले. "हौसराव तापला. म्हणला, आरं चांगदेवा, पाव्हणे हिकडं बसल्यात आन् तू कर्ण्याचं तोंड नदीकडं केलंय. मासं नाचत्यात व्हय?"

"मग?" मी विचारलं.

"त्यो म्हणतो, आवो, आवाज पाण्यावरनं फिरून आला म्हंजी ग्वाड लागतो." तात्यांनी माझ्याकडं तिरपं बघितलं. "तुला कसा लागतो गं, जाई?"

मी धुण्याची पाटी उचलून चालू पडले. तात्या मागं मोठ्यानं हसत होते. आठ दिवसांत ही गोष्ट अख्ख्या गावाला कळली. फक्त आप्पा, म्हणजे माझे वडील, काही बोलले नाहीत.

बोलले ते वेगळंच. "शिरूरचं स्थळ आलंय. कचेरीत शिपाई हाय पोरगा. सोमवारी शब्द द्यायचाय."

मुलगा मी पाहिला होता. त्याच्यात खोट नव्हती. पण मी त्याला विचारलं होतं, गाणं आवडतं का? तो म्हणाला होता, डोकं दुखतं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी आमच्याच आळीत लग्न होतं. मशीन चांगदेवाचं. होडीतून बॅटरी उतरवतानाच त्यानं मला गाठलं.

"तात्यानं सांगितलं शिरूरचं," तो म्हणाला. "मी कर्णा बांधाया झाडावर चढतो. पंगत बसली की पयली तबकडी तू लाव. नावाड्याचं लावलंस, तर ऐतवारी माझा मामा तुझ्या आप्पांकडं येतो. दुसरं कायबी लावलंस... तर मी समजंन."

"तोंडानं इचारायला काय हुतंय?"

"तोंडानं न्हाई म्हणलीस तर झाडावरनं पडंन. गाण्यानं कमी लागतं."

पंगत बसली. मी पेटी उघडली. लाल कागदाची होती. हळदीची होती. टवका उडालेली... नव्हती. मी पुन्हा सगळ्या चाळल्या. चार-पाच नव्या कोऱ्या, छोट्या तबकड्या मधे होत्या. त्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. सगळ्या सारख्या काळ्या, सारख्या चकचकीत. तो वर लिंबाच्या झाडावर. खाली अख्खं गाव. शेजारी आप्पा वाढत होते. ओरडून विचारायचं तरी काय? मला वाचता येत नाही, हे?

"आगं, लाव की गाणं!" अनसाबाई काकू ओरडल्या. "भात घशाखाली उतरंना!"

जुनी नाही, म्हणजे या नव्यांतच कुठंतरी असेल. एक छोटी तबकडी काढली. नावाड्याची असेल म्हणून सुई ठेवली.

निघालं ते विनोदी गाणं. एक बाई दारात आलेल्या नवऱ्या मुलाला हाकलून लावते, असलं. सगळी पंगत हसली. म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. मी वर बघितलं. चांगदेव दोरीची गाठ तशीच हातात धरून बसला होता. मग उतरला. दिवसभर माझ्याकडं न बघता गाणी लावत राहिला. दोनदा मी जवळ गेले. दोनदा तो बॅटरी बघायला निघून गेला.

उन्हं कलली. त्यानं सामान होडीत चढवायला घेतलं. मी धावत नदीवर गेले.

"नावाड्याची कुठंय?" मी विचारलं.

"पेटीत हुती. तू लावली न्हाईस."

"पेटीत नव्हती. टवका उडालेली नव्हती!"

"ती कशी आसंल? ती झिजली हुती. पुण्याला जाऊन नवी आणली, खास..." तो थांबला. पेटी उघडून त्यानं एक छोटी तबकडी वर काढली. "ही काय. वर लिव्हलंय की नाव."

मी वाळूकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाचता येत न्हाई."

तात्या वल्हं धरून बसले होते. चांगदेव हसला नाही. त्यानं तबकडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग हत्यारांच्या पिशवीतून पक्कड काढली आणि त्या कोऱ्या तबकडीच्या कडेचा, गाण्याला धक्का लागणार नाही असा, नखाएवढा तुकडा मोडला.

"आता?"

"आता वळखंन."

"मग लाव."

"हितं?"

"पंगत उठली, पर बॅटरी हाय आजून."

त्यानं मशीन वाळूवर मांडलं, तारा जोडल्या. कर्णा होडीच्या टोकावर ठेवला. सवयीनं त्याचं तोंड पाण्याकडं केलेलं. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि गावाकडं फिरवला. मग सुई ठेवली.

"पोरी," तात्या हळूच म्हणाले, "तुझा बाप ऐकंल."

"ऐकू द्या की," मी म्हणाले.

गाणं पूर्ण झालं. चांगदेवानं कर्णा फिरवताना माझ्या हाताला लागलेलं वंगण स्वतःच्या टॉवेलनं पुसलं. मग होडी निघाली.

रविवारी त्याचे मामा आले. ओट्यावर बसून गळा साफ करत होते, सुरुवात कशी करावी ते त्यांना कळत नव्हतं. आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बसा निवांत," आप्पा म्हणाले. "अर्धं परवाच ऐकलंय आमी. ऱ्हायलेलं सांगा."

अक्षरं मी पुढं शिकले, पोरं मोठी झाल्यावर, गावच्या प्रौढ वर्गात. घरी येऊन पहिलं अख्खं वाचलं ते त्या तबकडीवरचं नाव. चांगदेव शेजारी बसून ऐकत होते. बरोबर वाचलं, म्हणाले.

अजूनही पेटी उघडली की माझा अंगठा आधी कडेवर फिरतो. टवका लागला की मग मी नाव वाचते.