दुपारचा हाकारा

बंदूक दाखवतो. तुम्ही त्यासाठीच नाशिकहून आलात, नाही म्हणायला मला तोंड नाही. पण आधी पाणी प्या आणि खुर्ची भिंतीपासून जरा इकडे ओढून घ्या; मे महिन्यात आमच्या जळगावच्या भिंतींना पाठ टेकवत नाही. घाई नसेल तर पहिल्यांदा ऐकून घ्या, मग बघा.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बारीक स्प्रिंगा आणि दातेरी चाकं यांत जन्म गेला, त्यामुळे असेल, मला बंदुकीच्या गोळीपेक्षा तिच्या कळेचं वेड. शिकार मी आयुष्यात केली नाही. साधी चिमणी मारली नाही. बहात्तर साली शिकारबंदी आली आणि खानदेशातल्या जुन्या शिकाऱ्यांच्या बंदुका नुसत्या भिंतीवर लटकल्या. म्हातारा गेला की मुलांना ती ब्याद वाटायची. परवान्याचं नूतनीकरण करा, दर निवडणुकीला ठाण्यात जमा करा, कोण करतं? अशा घरांचा वास मला बरोबर यायचा. असं करत करत माझ्याकडे दोन विलायती दुनळ्या झाल्या, एक ठासणीची झाली, आणि हाताने घडवलेले शिकारी सुरे सात. त्यातला एक भुसावळच्या लोहाराने रेल्वेच्या डब्याच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून केलेला, मूठ सांबरशिंगाची. रविवारी सगळं सतरंजीवर मांडून मी तेलपाणी करत बसायचो आणि आमची बेबा दारात उभी राहून म्हणायची, "झाली का सवतींची न्हाणी?"

बेबा म्हणजे माझी बायको. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच, आणि तिच्या हिशेबाने दहा सवती.

शहाऐंशी साली धुळ्याच्या हनीफ मिस्त्रीचा निरोप आला. मिस्त्री बंदुका दुरुस्त करणारा, पिढीजात कारागीर. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात चुडामण आबा नावाच्या जुन्या शिकाऱ्याची दुनळी विकायला काढली आहे, एकदा बघाच, असं त्याचं म्हणणं. मी दुसऱ्याच दिवशी एसटी धरली.

आबा वारलेले होते. त्यांची बायको भागाबाई ओसरीवर एकटीच बसली होती. कापडात गुंडाळलेली बंदूक तिने मला हाताने दिली नाही, पायाने सरकवली. घरातल्या हत्याराला दसऱ्याला हळदकुंकू लावणारी ही माणसं. त्यांच्यातली म्हातारी बंदुकीला पाय लावते, म्हणजे काही तरी आहे, हे मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी कापड सोडलं आणि माझं भान सुटलं. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, ठोकून केलेल्या त्या नळ्या. वरपासून खालपर्यंत बारीक लहरी, नदीच्या वाळूवर उमटतात तशा. अक्रोडाचा दस्ता हाताला ऊन लागत होता. घोडा मागे ओढला तर इतका गोड आवाज, की मी तो पुन्हा दोनदा ओढून पाहिला. मला ती हवी होती, काहीही करून हवी होती.

"भाऊ," भागाबाई म्हणाली, "तुना घरमा बाईमाणूस शे का?"

"का हो, अक्का?"

"आधी सांग. बाई व्हई त्या घरमा मी हाई देवाव नही."

"नही, अक्का," मी म्हणालो. "मी एकलाच शे."

खोटं बोलायला मला क्षणही लागला नाही. आणि याहून वाईट पुढेच आहे. तेव्हा नवा कायदा आला होता, एका माणसाला तीनच बंदुका. माझ्या तीन भरल्या होत्या. म्हणून निघतानाच मी कागद बेबाच्या नावाने लिहून नेले होते. भागाबाईला अक्षरओळख नव्हती. तिने जिथे अंगठा उठवला त्याच्या बरोबर वरच्या ओळीत माझ्या बायकोचं नाव होतं.

परवाना होऊन बंदूक घरात यायला पुढचा एप्रिल उजाडला. "मला मेलीला काय करायची बंदूक?" असं म्हणत बेबाने सगळ्या सह्या केल्या होत्या. तुझ्या भावांना धाक दाखवायला होईल, म्हटलं, तर म्हणाली, "धाक तुम्हालाच दाखवेन. जेवायला वेळेवर येत जा."

उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार माझं दुकान बंद असतं. त्या वेळी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. जेवण झालं की बेबा पुढच्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून आडवी व्हायची. मेच्या सुरुवातीला एका दुपारी लाईट गेली. कूलरची घरघर थांबली, आणि त्या शांततेत लांबून काही तरी ऐकू आलं. पत्र्याचे डबे बडवल्याचा आवाज. आणि बऱ्याच माणसांचा एकसुरी ओरडा. हो... हो... हो...

मी शिकार केली नसली तरी शिकाऱ्यांत ऊठबस केलेला माणूस. तो हाकारा होता. रानात पन्नास-साठ माणसं रांग धरून डबे वाजवत, ओरडत निघतात आणि जनावराला पुढे घालून नेतात. पार दुसऱ्या टोकाला, जिथे बंदूकवाला दबून बसलेला असतो तिथपर्यंत. पण भर जळगावात हाकारा?

"अहो, ऐकलंत?" बेबा उठून बसली होती.

"वरात असेल कुणाची."

"या उन्हात?"

पहिल्या दिवशी तो आवाज गिरणेच्या अंगाला होता. चौथ्या दिवशी रेल्वेलाईनच्या अलीकडे आला. दहाव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी. शेजारी विचारून पाहिलं, कुणाला काही ऐकू आलेलं नव्हतं. आम्हा दोघांनाच यायचं, आणि त्याबरोबर वास यायचा. वाळल्या पानांचा, तापलेल्या मातीचा, उडवलेल्या काडतुसाचा. बेबाचं चेष्टा करणं बंद झालं. पुढच्या खोलीत झोप लागेना म्हणून तिने अंथरूण मधल्या खोलीत आणलं. तिथेही लागेना. एका दुपारी मी पाहिलं तर ती मागच्या खोलीत, माझ्या बंदुकांच्या कपाटाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"इथे जरा कमी येतो हो आवाज," ती म्हणाली.

हाकारा कुणाला कुठे घेऊन चाललाय हे मला त्या घडीला कळलं.

परत देतो, नाहीतर मिस्त्रीकडून कापून टाकतो, असं बेबाला सांगून मी बंदूक गुंडाळली आणि शिरपूरची गाडी पकडली. भागाबाईने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

"बाई शे तुना घरमा," ती म्हणाली.

"शे, अक्का," मी म्हणालो.

"खोटं बोलना तू, भाऊ... मी इचारं व्हतं ना तुले?"

मग तिने सांगितलं. खूप वर्षांपूर्वी आबांनी सांबरासाठी हाकारा लावला होता. त्याच रानात एक बाई टेंभुर्णीची पानं तोडत होती. डब्यांच्या आवाजाने ती भेदरली आणि पुढे पळत सुटली. पळता पळता तिला झाडाआड माणूस दिसला. सुटलो, असं वाटून ती त्याच्याकडेच धावली. आबांना नुसतं गवतात तपकिरी काही तरी हललेलं दिसलं. हाकाऱ्यांनी तिला तिथेच नाल्यात पुरलं, आणि त्या गावात कुणी कधी तोंड उघडलं नाही.

"मग दोन वरीसमा मन्ही सून गयी," भागाबाई म्हणाली. "भर दुपारे."

सून गेल्यावर भागाबाई भावाकडे निघून गेली होती. आबा वारल्यावरच ती या घरात परत आली आणि आल्याआल्या बंदूक विकायला काढली.

"पण अक्का, आबांनी ही मोडून का नाही टाकली?"

"त्यासना हात चालना नही." तिने माझ्या काखेतल्या कापडाकडे पाहिलं. "तुना चालई का?"

बंदूक परत घ्यायला तिने साफ नकार दिला आणि दार लावून घेतलं.

परतताना मी धुळ्याला उतरलो. हनीफ मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. तो हसला नाही.

"रुपचंदभाऊ, पाच मिनिटांचं काम आहे. मधोमध कापून टाकतो. कागदावर लिहू, नळी फुटली होती म्हणून."

त्याने नळ्या वाईसमध्ये आवळल्या, आरीला नवं पातं चढवलं आणि पहिला हात मारला. बारीक कीस पडला. त्या लहरींवर केसाएवढा एक ओरखडा उठला, आणि मी मिस्त्रीचं मनगटच धरलं.

"राहू दे."

"भाऊ... घरी वहिनी आहेत."

"राहू दे म्हणतो ना!"

त्याने वाईस सैल केला आणि आत निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. बरोबरच केलं त्याने.

बंदूक दुकानात ठेवून मी घरी आलो, तर बेबा दारातच उभी होती. "कापली?"

"कापली. तुकडे मिस्त्रीच्या भंगारात पडलेत."

तिने डोळे मिटून हात जोडले. संध्याकाळी माझ्यासाठी शिरा केला, वर तूप सोडलं. मी तो खाल्ला. आज त्या शिऱ्याची आठवण आली तरी मला माझी किळस येते.

रात्री ती झोपल्यावर मी बंदूक दुकानातून आणून कपाटात सुऱ्यांच्या मागे ठेवली. सहा दिवस काहीच ऐकू आलं नाही. बेबा पुन्हा पुढच्या खोलीत घोरायला लागली. मला वाटलं, जमलं आपल्याला. बायकोही राहिली आणि बंदूकही. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. तिचा डोळा लागला की मागच्या खोलीचं दार हळूच लोटून घ्यायचो आणि बंदूक मांडीवर घेऊन तो ओरखडा तेलाच्या फडक्याने चोळत बसायचो.

सातव्या दुपारी लाईट गेली. कूलर थांबला.

या वेळी हाकारा लांबून आला नाही. तो एकदम घरातच होता, पुढच्या खोलीत. डबे, काठ्या, पन्नास गळे. हो... हो... हो...

"अहो..." बेबाची हाक आली. "अहो, कुठे आहात तुम्ही?"

मला ओ देता आली नाही. ओ दिली असती तर ती आत आली असती, आणि माझ्या मांडीवर बंदूक होती.

मग ती धावायला लागली. पुढच्या खोलीतून माझ्या दारापर्यंत पंधरा पावलं आहेत, मी नंतर कितीदा मोजली. त्या दिवशी ती किती वेळ धावत होती, देव जाणे. पायांखाली वाळली पानं चुरडत होती. काट्यांत पातळ फाटल्याचा आवाज येत होता. तिचा श्वास लागला होता. कुठून तरी फार लांबून ती माझ्याकडे येत होती... आणि बंदूक माझ्या मांडीवरून खांद्याला कधी लागली, ते मला माहीत नाही. घरात काडतूस एकही नव्हतं, सगळी दुकानाच्या तिजोरीत. दार हललं. पिवळ्याजर्द उन्हात काही तरी तपकिरी दिसलं.

चाप मी ओढला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. रिकाम्या नळीवर घोडा पडला. टक् असा आवाज झाला, बाकी काही नाही.

बेबा उंबऱ्यावर पडली होती. अंगावर कुठे जखम नव्हती. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. त्या आठवड्यात तसे आणखीही लोक गेले होते, कुणाला शंका आली नाही. फक्त तिला आंघोळ घालणाऱ्या बायकांपैकी एकजण बाहेर आली आणि मला विचारायला लागली, ही अनवाणी कुठल्या रानात गेली होती? तिच्या दोन्ही तळव्यांत बोराटीचे काटे मोडून बसले होते. केसांत टेंभुर्णीचं एक वाळलेलं पान अडकलेलं होतं.

याला सात वर्षं झाली. परवाना मी माझ्या नावावर करून घेतला. त्यासाठी माझी आधीची एक दुनळी विकून टाकावी लागली, तीही विकली. घरात आरी आणून ठेवली आहे. दोनदा नळीवर टेकवून पाहिली. होत नाही माझ्याच्याने. तुम्ही हिच्यासाठी आलात, मनसोक्त बघून घ्या, पण ही मी कुणाला देणार नाही. तुमच्या घरी कोण कोण आहे, तेही मला सांगू नका.

मे महिन्यात दुपारी लाईट गेली की हाकारा अजून येतो. डब्यांच्या पुढे आता पावलं असतात, आणि ती पावलं मी ओळखतो. मी दाराला आतून कडी घालतो, कानांत बोळे कोंबतो, बंदूक कपाटात ठेवून किल्ली बाहेर फेकून देतो. डोळे उघडतो तेव्हा ती माझ्या खांद्याला असते. इकडे येऊ नकोस गं, असं ओरडून सांगायचं मी दर वर्षी ठरवतो, पण घशातून आवाज फुटत नाही. आणि बेबा धावत धावत माझ्याच दाराकडे येते. तिला अजूनही वाटतं, मी ती कापून टाकली.