खेकडा कैदेत असताना

"खेकड्याला अटक करा!" ऑली ओरडला. "आजोबांची दोन मशरूमं त्यानंच खाल्लीत!"

"हळू बोल, आई झोपलीय," त्याची बहीण टॅम्सिन म्हणाली.

आई झोपली नव्हती. आजोबा गेल्यापासून ती सोफ्यावर नुसती पडून असे. आजोबांची समुद्री माशांची मोठी काचेची टाकी विकली गेली. त्यातला एकच दगड या घरच्या टाकीत आला होता. दगडावर मशरूम प्रवाळं होती : जांभळी, मऊ, बटणाएवढी पाच! दहा दिवसांत पाचांची तीन झाली, आणि उरलेलीही आक्रसत चालली होती.

गार्थमामा टोस्ट चघळत आला. "शनिवारी दगड दुकानात देऊन टाकतो. मरताना बघत कशाला बसायचं?"

"पण मामा, आजोबांचं दुसरं काय उरलंय?" टॅम्सिनने विचारलं.

मामा टोस्ट घेऊन आत निघून गेला. बाहेर ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलचा हिवाळा लख्ख उजळला होता. घरात मात्र दुपारीही पडदे ओढलेले.

शेजारच्या लेवीने आइस्क्रीमच्या डब्याला भोकं पाडली. शंखातल्या खेकड्याला त्यात कोंडून त्यांनी डबा टाकीतच तरंगत ठेवला.

"आरोपीचं जेवण?" लेवीने विचारलं.

"कोळंबीचा तुकडा. वकील मिळणार नाही!" ऑली म्हणाला.

टॅम्सिन काचेला पट्टी लावून दर दोन तासांनी मशरूमांची रुंदी वहीत लिहू लागली.

शुक्रवारी सकाळी आणखी एक मशरूम दगडावर नव्हतं!

"आणि आरोपी तर तुरुंगात!" लेवी म्हणाला. "सोडा त्या बिचाऱ्याला!"

टॅम्सिनने वही उघडली. "हे बघा. टाकीचा दिवा लागायच्या आधी ती पसरलेली असतात. लागला की तासाभरात आक्रसतात. रोज!"

ऑलीने आजोबांच्या टाकीचा फोटो आणला. त्यात दगड तळाशी, कपारीच्या सावलीत होता. इथे तो थेट दिव्याखाली!

"पण आपण तळाशीच ठेवला होता ना?" ऑलीने विचारलं.

"हो. कुणीतरी वर आणलाय," टॅम्सिन म्हणाली.

हरवलेली मशरूमं शोधायला त्यांनी पाणी खेळवणारा पंप बंद केला आणि टॉर्चने मागचा कोपरा तपासला. तिथे अंधारात, खड्यांना चिकटून, दोन जांभळी मशरूमं छान पसरली होती! कुणी खाल्लीच नव्हती. दगड सोडून ती प्रवाहाबरोबर वाहत आली होती. तिसरं बाजूलाच पडलेलं. ते विरघळून करडं झालं होतं.

"उशीर झाला," टॅम्सिन पुटपुटली.

त्यांनी मामाला टाकीपाशी ओढत आणलं.

"मामा, डब्यातून हात लांबवून खेकड्यानं दगड वर आणला का रे?" ऑलीने विचारलं.

मामाने वही वाचली. एकदा, मग पुन्हा. त्याचे कान लाल झाले.

"दगड मीच वर ठेवला," तो म्हणाला. "तळाशी होता तेव्हा ताईला सोफ्यावरून दिसत नव्हता. म्हटलं, तिला बाबांचं काहीतरी दिसत राहू दे."

मामाने बाह्या सरसावल्या, दगड अलगद कपारीखाली ठेवला आणि दिवा मंद केला.

मागे सोफा करकरला. आई उठून आली आणि टाकीसमोर फरशीवरच बसली. चार जिवंत मशरूमांकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"गार्थ, मला सांगायचं ना रे. मी इथे आले असते," ती म्हणाली. मग तिने टॅम्सिनची वही मांडीवर घेतली. "इतकं नेटकं तर बाबांनीही कधी लिहिलं नाही. पुढची नोंद किती वाजता?"

"चार वाजता."

"पट्टी दे. मी धरते."